कै. मल्हारी दोंदे यांची मुलगी

स्वतःच्या नावाआधी ‘कै.’ लिहिताना मल्हारीचं पेन अडलं. शाई होती, निब नीट होती, फुलस्केप कागदाखाली पुठ्ठाही होता. तरी ‘कै’वरची दुसरी मात्रा देताना हात जरा थबकला, आणि थबकला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. अरे, कलेक्टर कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून एकोणीस वर्षं झाली, लोकांचे अर्ज लिहून पोट भरतोय, आणि हे एक अक्षर न् एक टिंब आजवर किती जणांच्या कपाळावर मारलं त्याला काही गणती? एकट्या निफाड तालुक्यात सव्वीस बाप मारले. सव्वीसच्या सव्वीस आज धडधाकट हिंडतात, बाजार करतात, जत्रेत कुस्त्या बघतात. त्यातला एक मयत तर माघ महिन्यात सायकलला द्राक्षांची पाटी बांधून स्वतः आभार मानायला आला होता. म्हणाला, ‘मल्हारीभाऊ, तुमच्या हातानं मेलो म्हणून पोरगं बीएस्सीला लागलं.’ मग दोघं लिंबाखाली बसून द्राक्षं खात इतके हसले, की कचेरीचा शिपाई बाहेर येऊन ‘कोण मेलं रे?’ म्हणून विचारून गेला. आणि आता आपली पाळी आली तर हात थांबतो? त्यानं मात्रा ओढली, टिंब दिलं, आणि पुढं वळणदार अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मल्हारी धोंडीराम दोंदे. झालं. एवढ्यात माणूस मरतो.

त्याचं एक शास्त्र होतं आणि ते त्याला पुस्तकात सापडलेलं नव्हतं. देणाऱ्याला गरीब लागतो, गरीब नसेल तर तो देणार कुणाला. पण जित्या बापाची गरिबी त्याला पचत नाही. बाप जिता असला की देणाऱ्याच्या मनात पहिला सवाल, मग हा करतो काय? पीत असेल. आकडा लावत असेल. निदान लिंबाखाली बसून चहा तरी ढोसत असेल. तेच बाप मेला की गरिबी कशी धुतल्या तांदळासारखी होते. मेन रोडवरच्या शेठ ताराचंद भिकमचंद धर्मादाय निधीनं तर ते नियमातच छापलं होतं, ‘पितृछत्र हरपलेल्या गरीब व होतकरू विद्यार्थ्यांस’. मल्हारीला हे छत्र फार आवडायचं. जणू एकेकाच्या डोक्यावर बाप उघडून धरलाय, न् वाऱ्यानं उडून गेलाय. अर्जात तो आणखी रंग भरायचा. आईच्या हाताला घट्टे, पोराचं रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचन, घरातला कंदील विकल्याचा करुण प्रसंग. नाशकात वीज येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण शेठलोकांच्या मनात गरीब अजून कंदिलाखालीच बसलेला होता, आणि तो तिथंच बसलेला त्यांना बरा वाटत होता. त्यांच्यावर तो मनापासून थुंकायचा आणि त्यांच्याच जिवावर त्याचं टेबल चालायचं. अर्ज लिहून घेणाऱ्यांवरही थुंकायचा. कारण दहातले नऊ जण अर्ज वाचून दाखवला की आपल्याच खोट्या मरणावर खरे डोळे पुसायचे.

एक अडचण मात्र या वेळी निराळी होती. मल्हारीच्या वस्तीत कुणी गेलं तर पत्रिकेवर ‘कालकथित’ छापतात, ‘कै.’ नाही. कैलासाशी त्या लोकांचा संबंध छप्पन साली सुटला. पण ट्रस्टच्या कागदावर ‘कालकथित’ दिसलं की शेठ लगेच चष्मा पुसायला घेणार, हे मल्हारीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून पोरीच्या शिक्षणासाठी कैलासात जाणं भाग होतं.

पोरगी विशाखा. बारावीला असे मार्क पाडले की पुण्याला डॉक्टरकीला नंबर लागला, आणि वडाळा नाक्याजवळच्या त्या वसाहतीत चार दिवस जो तो येऊन आपली जीभ दाखवून गेला. सरकारनं फी माफ केली. शिक्क्यासकट कागद आला. शिष्यवृत्तीही मंजूर झाली. पण ती शिष्यवृत्ती म्हणजे पावसाळ्यात निघून होळीला पोचणारी बया, बैलगाडीनं येते की गुडघ्यावर चालत, कुणाला माहीत. मधल्या सहा महिन्यांत पोरीनं काय खायचं आणि कुठं निजायचं, हे कागदात नव्हतं. वसतिगृहाची अनामत, खानावळीचे दोन महिने आगाऊ, पांढरे कोट, चिरफाडीची पेटी, आणि हाडं. हाडांची गोष्ट मल्हारीनं तीनतीनदा सांगायला लावली. पहिल्या वर्षाला म्हणे खऱ्या माणसाच्या हाडांचा संच विकत घ्यावा लागतो, आणि वरच्या वर्गातल्या पोरी आपला जुना संच गोणपाटात बांधून खालच्या पोरींना विकतात. ‘म्हणजे मेलेल्या माणसाला बाजारभाव आहे,’ तो शकुबाईला म्हणाला. ‘जित्याला कोण विचारतो?’ त्याची बायको विड्या वळत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही. सगळं मिळून चौदाशे रुपये. शनिवारपर्यंत भरले नाहीत तर खोली दुसरीला, आणि खोली नाही तर पुण्यात पोर राहणार कुठं? शेवग्याच्या झाडावर? ॲडमिशनही गेल्यातच जमा. शकुबाईच्या गळ्यातलं होतं ते बारावीलाच गेलं होतं. तिचा भाऊ पुंजाराम सरकारी नोकरीत, पक्क्या क्वार्टरमध्ये राहणारा. त्यानं पंखा चालू करून, चहा पाजून, ‘दाजी, पोरीच्या जातीला इतकं कशाला?’ असं विचारून वाटेला लावलं होतं. मल्हारीनं जाताना त्याचा दोरीवर वाळत घातलेला टेरिलीनचा शर्ट तेवढा उचलून आणला.

आणि त्याचं नावही. कारण मेलेल्या बापाच्या पोरीबरोबर ट्रस्टमध्ये पालक म्हणून कुणीतरी जायला हवं.

‘म्हणजे मी तुम्हाला मामा म्हणायचं,’ विशाखा म्हणाली. ती तांब्यात निखारे घालून पोलक्याला इस्त्री करत होती.

‘पुंजाराममामा.’

‘मामाला विचारलं?’

‘त्याला काय विचारायचं? त्याचं नाव तसंच पडून आहे. कुणाच्या उपयोगी आलं का आजवर?’

‘मी नाही यायची तिथं,’ शकुबाई म्हणाली. ‘पांढऱ्या कपाळानं बसवाल मला.’

‘तुला कुणी बोलावलंय? विधवा बाई घरातच शोभते.’

शकुबाईनं सुपातलं तंबाखूचं मूठभर चुरं त्याच्या अंगावर फेकलं. तो शिंकला आणि शिंकता शिंकता हसला. विशाखा हसली नाही. तिनं पोलकं उलटं केलं, तांबा फिरवला, आणि म्हणाली, ‘आणि मेलेले दादा कसे होते, तेही तुम्हीच सांगणार?’

‘ते तू बघ. रडू आलं तर उत्तम. नाही आलं तर खाली बघायचं. शेठलोकांना खाली बघणारी पोरं फार आवडतात.’

‘बरं,’ ती म्हणाली.

ते ‘बरं’ त्याला नीट बसलं नाही. इतका अवघड बेत, आणि पोरगी ‘पीठ आणते’ म्हणावं तसं ‘बरं’ म्हणते. ती रुसली असती, ‘जिवंत बापाला मेला कसं म्हणू’ म्हणून भांडली असती, तर त्यानं तिला समजावलं असतं. समजावायची चार वाक्यं त्यानं तयारही ठेवली होती. ती वाक्यं तशीच राहिली. दाताच्या फटीत शेंगदाण्याचं साल अडकतं तसं ते ‘बरं’ गुरुवारी सकाळी मेन रोडला जाईपर्यंत त्याच्या जिभेला लागत राहिलं.

ट्रस्टची कचेरी कापडाच्या पेढीच्या वर होती. जिन्यावर कोऱ्या कापडाचा वास, वर बाकडं, भिंतीवर मूळ दात्याचा फोटो, फोटोला सुताचा हार. बाकड्यावर आणखी दोन पोरं बसली होती, दोघांबरोबर पांढऱ्या कपाळाच्या आया. मल्हारीनं त्यांच्याकडं सराईत नजरेनं बघितलं, हिचा मेला असेल, हिचा नसेल. त्याला मजा वाटायला हवी होती. असल्या वेळी पोटात कशी गुदगुली व्हायची. पण पुंजारामचा शर्ट काखेत आवळत होता, आणि आतल्या खोलीतून कुणीतरी शेंगा फोडत असल्यासारखा आवाज येत होता. शेंगा नव्हत्याच, शिपाई आत टाचण्या काढत असेल. पण त्या आवाजानं त्याला तीस वर्षं मागं नेऊन उभं केलं. बोर्डिंगच्या सेक्रेटरीच्या खोलीत. तेव्हा तो मॅट्रिकला होता, फी माफ होती, तेव्हाही माफच होती, फक्त परीक्षेचे पैसे भरायचे होते, आणि ते मागायला त्याचा बाप धोंडीराम इगतपुरीहून आला होता. धोंडीराम रेल्वेत कीमन. रोज घाटातले रूळ चालायचा, खांद्यावर हातोडा न् पाना, ढिली झालेली किल्ली दिसली की ठोकायचा. असा माणूस सेक्रेटरीपुढं हात जोडून उभा. सेक्रेटरी भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. दाणे तोंडात, फोलपटं टेबलाजवळच्या टोपलीत. काही फोलपटं टोपलीबाहेर पडायची. आणि धोंडीराम, हात जोडलेले सोडून, वाकून, ती उचलायचा. उचलून टोपलीत टाकायचा आणि परत हात जोडायचा. सेक्रेटरी मुद्दाम करत नव्हता. मुद्दाम केलं असतं तरी चाललं असतं. त्याचं लक्षच नव्हतं. पैसे दिले नाहीत ते नाहीच, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाला. बाहेर आल्यावर धोंडीराम म्हणाला, ‘मानूस वाईट नाय, पन त्याच्या हातात नसंल.’ सोळा वर्षांच्या मल्हारीला त्या क्षणी आपल्या बापाची अशी किळस आली, की पुन्हा त्यानं त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं नाही. बोर्डिंग सुटलं, मॅट्रिक राहिली ती राहिलीच. आपण मागायचं नाही, हे त्यानं तिथंच ठरवलं. आपण फसवायचं. मागणाऱ्याला वाकावं लागतं; फसवणारा ताठ उभा राहून घेतो. पुढं धोंडीराम म्हातारा झाला, खोकायला लागला, तेव्हाही मल्हारी इगतपुरीला जायचा तो सणासुदीला, उभ्या उभ्या. पोरीला मात्र दर सुट्टीत तिकडं धाडायचा. घरात खाणारं एक तोंड कमी.

‘दोंदे,’ शिपायानं हाक मारली, आणि मल्हारी उठता उठता थांबला, कारण त्याचं आडनाव आता दोंदे नव्हतं. त्यानं पोरीला पुढं जाऊ दिलं.

आत दोघं होती. हस्तीमलशेठ, पांढऱ्या टोपीतले, सदऱ्याला सोन्याच्या गुंड्या. आणि लताबाई, वकिलाची बायको, ट्रस्टवर बाईमाणूस हवं म्हणून घेतलेली. हस्तीमलशेठ जमिनीच्या कामाला आठवड्यातून दोनदा कचेरीत यायचे, लिंबाखालून जायचे, एकदा तर मल्हारीच्या टेबलाला हात टेकून त्यांनी बुटातला खडा काढला होता. पण टेबलामागं माणूस असतो हे त्यांनी बघितलं नव्हतं. मल्हारीनं खुर्चीच्या कडेवर बूड टेकलं, पुंजारामसारखा घसा खाकरला, आणि शेठकडं मनातल्या मनात दात विचकले.

‘आम्ही इथं जात विचारत नाही,’ शेठ म्हणाले. ‘दोंदे म्हणजे कुठले?’

‘मूळचे इगतपुरीकडचे,’ मल्हारी घाईनं म्हणाला.

‘वडील कधी गेले?’

‘मागच्या श्रावणात.’

‘मुलीला बोलू द्या, मामा.’ लताबाईंचा आवाज मऊ होता, सायीसारखा. ‘दिवस कुठं केले ग? नाशकातले म्हणजे रामकुंडावरच केले असतील.’

हा सवाल मल्हारीनं गृहीत धरलेला होता. रामकुंड, पिंड, कावळा, कावळा लवकर शिवेना, पोरीचं शिक्षण पुरं करू असं म्हटल्याबरोबर शिवला. काय सुंदर प्रसंग! तो त्यानं घरी पोरीला दोनदा म्हणून दाखवला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं खाली बघितलं नाही.

‘आमच्यात दिवस करत नाहीत,’ विशाखा म्हणाली. ‘आम्ही बौद्ध आहोत.’

शेठनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याला पुसला. अगदी मल्हारीनं ठरवून दिल्यासारखा. एरवी त्याला हसू फुटलं असतं. आता त्याच्या मानेवरून घाम पुंजारामच्या कॉलरमध्ये उतरला. गेलं. मूर्ख पोरगी. बाप मेला म्हणायला तयार, न् जात लपवायला नाही!

‘तसं आम्हाला काही नाही,’ शेठ म्हणाले. ‘पण मग तुम्हाला सरकार देतंच की. सगळंच देतं. आमच्या लोकांना कोण देतं?’

‘फी माफ आहे,’ ती म्हणाली. ‘शिष्यवृत्ती फेब्रुवारीत येते. खानावळ ऑगस्टपासून जेवायला घालते. फेब्रुवारीत पैसे आले की तोपर्यंतचं जेवण परत मागता येत नाही.’

लताबाईंना हे आवडलं की नाही ते कळलं नाही, पण त्यांनी शेठना हातानं थोपवलं आणि पुढं वाकल्या. ‘वडील कशानं गेले, बाळ?’

मल्हारी सावरून बसला. आता रंग भरायचा होता. त्यानं तिला दोन मरणं सुचवली होती, एक सापाचं आणि एक गिरणीच्या पट्ट्यात सापडल्याचं.

‘खोकल्यानं,’ विशाखा म्हणाली. ‘रेल्वेत होते. कीमन. रोज घाटात रूळ चालायचे, पावसात सुद्धा. घरी आले की त्यांच्या हाताला लोखंडाचा वास यायचा. मला सुट्टीत रुळाच्या कडेनं बरोबर न्यायचे. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात मी. लिहिता येत नव्हतं, पण मी वाचत असले की समोर बसून राहायचे. मधेच विचारायचे, यात काय हाय? मी सांगितलं की म्हणायचे, आसं का. एवढंच. शेवटी शेवटी पाणी घशाखाली उतरत नव्हतं, मी चमच्यानं पाजायचे. मला म्हणाले, तुला हे कशानं व्हतं ते शिकता येईल का? मी म्हटलं, येईल. म्हणाले, मग शीक, कुनापुढं हात जोडायला लागलं तरी शीक, त्यानं हात झिजत नाय.’

ती थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. लताबाईंनी रुमाल काढला, स्वतःसाठी. मल्हारी तिच्याकडं बघत राहिला. एकोणीस वर्षांत त्यानं असा अर्ज लिहिला नव्हता. त्याला आपलं कसब आपल्या पोरीत उतरल्याचा अभिमान वाटला, अर्धा क्षण; मग त्याला कळलं की यात कसब कसलंच नाही. म्हातारा धोंडीराम मेला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तीच होती जवळ. मल्हारी निरोप मिळून दुसऱ्या दिवशी पोचला होता, कारण आदल्या दिवशी एकाला गमतीनं खोटी नोटीस धाडली होती आणि ती उघडताना त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं. त्यानं तिच्या बोलण्यात स्वतःला शोधलं. सगळं पुन्हा आठवून, शब्द न् शब्द उलटा करून शोधलं, खिशात सुटे पैसे चाचपावेत तसं. एखादी चेष्टा, एखादी चापट, सायकलच्या दांडीवर बसवून नेलेलं, कधीतरी आणलेलं केळं. काही नव्हतं. तिला बाप मारायला सांगितला, तर तिनं मारायला सुद्धा मल्हारी घेतला नव्हता. ती जागा तिनं दुसऱ्याला देऊन टाकलेली होती. कधीपासून, देव जाणे. त्याला त्या फोलपटं उचलणाऱ्या म्हाताऱ्याचा असा हेवा वाटला, की तोंडात कडू पाणी आलं.

‘मामा, तुम्ही भाग्यवान,’ लताबाई म्हणाल्या. ‘अशा माणसाचे मेहुणे होतात तुम्ही.’

‘हो ना,’ मल्हारी म्हणाला.

पैसे मंजूर झाले. शेठनी पुन्हा एकदा ‘आम्हाला तसं काही नाही’ म्हणून सही केली; चेक वसतिगृहाच्या नावानं लिहून पोरीच्या हातात दिला, शनिवारच्या आत भरायला; आणि दरवर्षी जूनमध्ये येऊन मार्क दाखवायचे, पाचही वर्षं, मामांनी बरोबर यायचं. मल्हारीनं ‘पुंजाराम’ अशी सही ठोकली. काम फत्ते. तो जिना उतरला. दर वेळी असल्या कामानंतर जिन्याच्या तिसऱ्या चौथ्या पायरीवर हसू यायचं, बेंबीपासून. तो शेवटच्या पायरीपर्यंत त्या हसण्याची वाट बघत आला. बाहेर भुरभुर चालू होती म्हणून दोघं पेढीच्या वळचणीला थांबली. मागून शेठ आणि लताबाईही उतरून रिक्षाची वाट बघत उभी राहिली.

‘बरं बोललीस,’ मल्हारी पुटपुटला. चेक तिनं छातीशी धरला होता.

‘मल्हारीभाव! ओ मल्हारीभाव!’

रस्त्यापलीकडून इरलं पांघरलेला एक माणूस सायकली चुकवत येत होता. झिपरू. पेठकडचा, रानातली दीड एकर वहिवाटीची जमीन नावावर टिकवायची म्हणून महिनाभर टेबलाला खेटे घालणारा. चहावाल्यानं पत्ता दिला असणार. सकाळी मल्हारीलाच गप्प राहवलं नव्हतं, तोच सगळ्या टपरीला सांगत सुटला होता, आज मेन रोडच्या शेठला कसा उल्लू बनवतो बघा म्हणून. मल्हारीनं मान फिरवली आणि पेढीतल्या कापडाच्या थानांकडं बघायला लागला. झिपरू पायरी चढला आणि त्यानं त्याचं कोपर धरलं.

‘सकाळपून लिंबाखाली बसलो ना. आज तारीख हाय माझी.’

‘कुणाला शोधताय बाबा?’ लताबाईंनी विचारलं.

‘ह्याला. मल्हारीला. दोंद्याला.’

विशाखाचा चेक धरलेला हात छातीशी आणखी घट्ट झाला. लताबाईंनी आवाज खाली आणला, आजाऱ्याच्या खोलीत आणतात तसा. ‘अहो, मल्हारी वारले. मागच्या वर्षी. हे त्यांचे मेहुणे. तुम्ही लांबून बघून फसलात.’

झिपरूनं कोपर सोडलं. त्यानं मल्हारीकडं बघितलं, केसांपासून चपलांपर्यंत, सावकाश. मग पोरीकडं, तिच्या हातातल्या कागदाकडं, शेठच्या सोन्याच्या गुंड्यांकडं. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, पण एवढं वाचायला त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं इरलं उतरवून ठेवलं, डोक्यावरची टोपी काढली.

‘मेला?’ त्यानं मल्हारीलाच विचारलं.

‘गेले,’ मल्हारी म्हणाला.

‘आरारा. मंग माझा कागद?’

‘कसला कागद?’ शेठनी विचारलं.

‘सातबारा, शेठ. त्याच्यापाशी ऱ्हायला. आज ये, उद्या ये, च्या पाज, सुपारी दे. न् मंग मेलाच.’

‘मामा, बघा हो यांचा कागद,’ शेठ म्हणाले. ‘गरीब माणूस आहे.’

‘घरी बघतो, उद्या...’

‘घरी कशाला?’ झिपरू म्हणाला. ‘ह्या पिशवीत आसंल. पिशवी त्याचीच हाय. मेल्याची पिशवी वापरतो ह्यो.’

गिऱ्हाईकाचा मूळ कागद आपल्या पिशवीत ठेवला की गिऱ्हाईक दुसऱ्या टेबलावर जात नाही, ही धंद्यातली जुनी रीत. पिशवीत असे वीसेक जण होते. मल्हारीनं हात घातला, आणि शोधल्याचं नाटक करायचं भान येण्याआधीच कागद बाहेर आला. झिपरूनं तो घेतला, उलटा-सुलटा केला, बंडीच्या आत पोटाशी ठेवला. मग लताबाईंकडं वळला, पण डोळे मल्हारीच्या तोंडावरून हलवले नाहीत.

‘मेल्याला वंगाळ बोलू नये, बाई. पन बरं झालं मेला. जिता व्हता तवर कागद नाय दिला. मेला न् लगीच दिला.’

‘अहो, असं काय बोलता!’ शेठ म्हणाले. ‘त्यांची मुलगी उभी आहे इथं.’

‘तू त्याची पोर?’ झिपरू तिच्याजवळ गेला आणि त्यानं आपला रापलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. ‘उगी गं बाय. दुक करू नको. लय हाका मारल्या मी त्याला. आता ओ द्यायचा नाय तो.’

विशाखानं तोंडावर पदर दाबला. तिचे खांदे हलायला लागले, आधी हळू, मग गदागदा. ती भिंतीकडं वळली तरी थांबेनात. लताबाईंनी धावत जाऊन तिला पोटाशी धरलं. ‘रड बाळ, रड. मोकळी हो,’ म्हणत त्या तिची पाठ थोपटू लागल्या. शेठनी टोपी काढून हातात घेतली. पेढीतले दोन गडी थान तसंच अर्धवट उलगडलेलं धरून उभे राहिले, आणि एकानं न सांगता पाण्याचा पेला आणला.

ती रडत नव्हती, हे तिथं दोघांनाच कळलं होतं. एक झिपरू. आणि दुसरा मयत.